जुळे सोलापुरात फ्लॅट घेताना सोसायटीत ‘आपली माणसं’ किती, हे बघावं का?

नका बघू. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. शेजारी तेलुगू बोलणारे विणकर पद्मशाली, पलीकडे कन्नड बोलणारे लिंगायत, समोर मुस्लिम कुटुंब. आईला तेलुगू आणि कन्नड नुसतं ऐकून ऐकून येऊ लागलं. नारळी पौर्णिमेचा पद्मशालींच्या मार्कंडेयांचा रथ असो की संक्रांतीच्या यात्रेतले ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, आम्हाला दोन्ही घरचेच. एकाच जातीच्या सोसायटीत मुलांना हे कुठून मिळणार?

पाणी मात्र किती दिवसांआड येतं, टाकी केवढी आहे, ते नक्की विचारा. सोलापुरात खरी अडचण ती.

आणि बिल्डर ‘अमुक लोकांना आम्ही देत नाही’ असं कौतुकानं सांगू लागला, तर तिथून उठा. मी उठलो होतो.