ज्यूडा बेंजामिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मालविक्रीच्या कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक बेंजामिन आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातील मंत्री बेंजामिन एकच का?

उत्तर : होय. आपल्या न्यायालयांतही ज्यांच्या ग्रंथाचा आधार घेतला जातो ते ज्यूडा बेंजामिन (१८११–१८८४) लुइझियानाचे सिनेटर होते आणि युद्धकाळात अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंडखोर सरकारात महाधिवक्ता, युद्धमंत्री व परराष्ट्रमंत्री झाले. कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या बेंजामिन यांना १८३२ साली न्यू ऑर्लीन्समध्ये वकिलीची सनद मिळाली.

प्रश्न : गुलाम हा माणूस आहे, असा युक्तिवाद त्यांनी न्यायालयात केला होता. मग ते गुलामगिरीचे समर्थक कसे?

उत्तर : युक्तिवाद खरा आहे, परंतु तो कोणासाठी होता हे पाहावे लागते. १८४१ मध्ये ‘क्रिओल’ जहाजावरील गुलामांनी उठाव करून जहाज बहामातील नासाऊ बंदरात नेले आणि ब्रिटिशांच्या त्या वसाहतीत त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वातंत्र्य मिळाले. मालकांनी विम्याची भरपाई मागितली तेव्हा बेंजामिन विमा कंपनीच्या बाजूने उभे राहिले. गुलामाला भावना आहेत, बुद्धी आहे, स्वातंत्र्याची ओढ आहे, त्यामुळे संधी मिळताच तो उठणार हे उघड असून त्याची जोखीम मालकाचीच आहे, असे त्यांनी मांडले आणि लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनी जिंकली. त्याच दशकात त्यांच्या बेलशास येथील उसाच्या मळ्यावर सुमारे १४० गुलाम राबत होते, आणि पुढे सिनेटमध्ये (१८५३–६१) गुलाम ही कायद्याने मालमत्ताच आहे, असे त्यांनी तितक्याच कौशल्याने सिद्ध करू पाहिले. गुलामाचे मन इतके नेमके ओळखणाऱ्या माणसाला अज्ञानाची सबब देता येत नाही; म्हणूनच त्यांचा दोष मला अधिक गंभीर वाटतो.

प्रश्न : दक्षिणेच्या पराभवानंतर ते इंग्लंडमध्ये वकील कसे झाले?

उत्तर : फ्लोरिडामार्गे निसटून ते १८६५ मध्ये इंग्लंडला पोहोचले. त्यांच्या जन्माच्या वेळी सेंट क्रॉय ब्रिटिशांच्या ताब्यात असल्याने ते जन्माने ब्रिटिश प्रजाजन ठरत होते, आणि १८६६ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते तेथे बॅरिस्टर झाले. लुइझियानाच्या कायद्याला फ्रेंच व रोमन पाया असल्यामुळे १८६८ च्या ग्रंथात त्यांना इंग्लिश कायद्याची तुलना इतर पद्धतींशी सहज करता आली. हे काम आजही आदरास पात्र आहे. १८७२ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल (ज्येष्ठ बॅरिस्टरांना मिळणारा मानाचा दर्जा) झाले आणि १८८३ मध्ये निवृत्त झाले. खासगी कागदपत्रे मात्र त्यांनी स्वतःच नष्ट केली, त्यामुळे त्यांच्या मनाचा शोध अभ्यासकांना प्रामुख्याने त्यांच्या युक्तिवादांत आणि भाषणांतच घ्यावा लागतो.