नाणं पाडतात, वरशिक्का मारतात

सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज चांदीच्या नाण्यांवर मागाहून ठोकलेला एखादा आकडा दिसतो. त्या खुणेला इंग्रजीत काउंटरमार्क म्हणतात. अशा नाण्याला मराठीत 'पुनर्मुद्रित' म्हणावं का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

म्हणू नये. पुनर्मुद्रित म्हणजे अख्खं नाणं नव्या ठशाखाली घालून पुन्हा पाडलेलं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतली नऊ हजारांवर अशी होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाची, गौतमीपुत्र सातकर्णीची चिन्हं. तिथे आधीच्या राजाला पुसायचंच होतं.

पोर्तुगालात कोणाला पुसायचं नव्हतं. १६४० मध्ये तो देश स्पेनच्या राजवटीतून सुटला, चौथा जुआंव गादीवर आला आणि लढाई १६६८ पर्यंत चालली. पैसा हवा होता. मग चलनातल्याच नाण्यांची किंमत चढवली : १०० रेइसच्या (रेइस हे तिथलं तेव्हाचं चलन) तोश्तांव नावाच्या नाण्यावर १२० ठोकायचे, ५० च्या अर्ध्या तोश्तांववर ६०. पुढे १६६३ मध्ये, सहाव्या अफोन्सुच्या काळात, ४०० च्या क्रुझाद नाण्यावर ५०० आले. चांदी गुंजभरही वाढली नाही. जुन्या राजाचं नाव, क्रूस, ढाल, सगळं जागच्या जागी. मध्येच हा आकडा घुसलेला. नाणं उलटं केलं की घाव बसला त्याच्या बरोबर मागची नक्षी चपटी झालेली दिसते.

मग शब्द कोणता? मला आधी 'मोर्तब' सुचला होता. शिवकालीन पत्रात माथ्यावर मोठा शिक्का आणि शेवटी छोटी मोर्तब, म्हणजे धाकटी मुद्रा आपल्याकडे आहेच. पण मोर्तब मजकूर संपल्याची खूण. इथे तर मिटलेला व्यवहार पुन्हा उघडलाय. 'प्रतिमुद्रा' शुद्ध आहे, पण ऐकणाऱ्याला छापखान्यातलं प्रूफ वाटेल.

माझं मत 'वरशिक्का'ला. वरखर्च, वरकमाई यांतला 'वर' म्हणजे ठरल्याहून जास्तीचा. शिक्का नाण्याच्या वर बसतो आणि किंमतही वर नेतो, दोन्ही अर्थ एका अक्षरजोडीत. (१०० च्या नाण्याचे १२० करणं ही सरकारी वरकमाईच की!) पोर्तुगीज स्वतः याला 'कारिंबु' म्हणतात. कोशकार तो शब्द अंगोलातल्या किंबुंदू भाषेतून आला असं सांगतात. अर्थ, छोटी खूण. आज त्याच शब्दाने कचेरीतला रबरी शिक्काही ओळखला जातो, आपल्या 'शिक्क्या'सारखाच.

वापरताना क्रियापद मात्र सांभाळा. नाणं पाडतात, शिक्का मारतात. म्हणून 'तोश्तांव टाकसाळीत पाडला, १२० चा वरशिक्का मागून मारला'. 'वरशिक्का पाडला' कानाला खटकतं, आणि 'वरशिक्कित नाणं' तर नकोच; 'वरशिक्क्याचं नाणं' म्हणा.