जुन्या सिनेमा नटनट्यांच्या पोस्टकार्डावर कोपऱ्यात 'रॉस' लिहिलेलं असतं, ती कंपनी कोणती?

ती बर्लिनची रॉस फरलाग, फरलाग म्हणजे जर्मनमधे प्रकाशन. हाइनरिख रॉस नावाच्या ज्यू माणसाने पहिलं महायुद्ध संपल्यावर काढलेली, तेव्हा मूकपट होते आणि मार्लेन डीट्रिख, ग्रेटा गार्बो अशा सगळ्यांचे फोटो तिने पोस्टकार्डावर आणले, लोक ती पाठवण्यापेक्षा जमवायचेच जास्त. आपल्याकडे माळेगावच्या यात्रेत हिरो-हिरोइनचे फोटो घ्यायला आम्ही पोरं झुंबड करायचो ना, अगदी तसंच वेड!

पुढचं वाचून मला लई वाईट वाटतं. नाझी आले आणि ज्यू म्हणून त्याला स्वतःच्याच धंद्यातून हाकललं, पण कार्डांवर त्याचं नाव मात्र चालूच ठेवलं, कारण ते नाव खपत होतं. 1941 च्या सुमारास तेही काढून फिल्म-फोटो-फरलाग केलं. रॉस अमेरिकेला गेला आणि तिकडंच वारला.

तुमच्याकडचं कार्ड असेल तर 3360/1 असा तिरकी रेघ असलेला नंबर बघा, त्यावरून साधारण कोणत्या सालचं ते कळतं. आणि प्लीज लॅमिनेशन करू नका, अस्सल फोटो असतो तो, खराब होईल.