कमी पैशातली वेशभूषा: आधी शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा

तुमचा प्रश्न एवढाच आहे: अर्ध्या तासाचं नाटक, पात्रं पाच. राजा, दोन सैनिक, चेटकीण आणि एक मोठा पक्षी. हातात तीन आठवडे, घरात शिवणयंत्र नाही आणि पैसे नावाला. सगळं भाड्याने आणावं की घरी करावं, आणि घरी केलं तर चिलखत पुठ्ठ्याचं की फोमचं?

पुठ्ठा की फोम हे नंतर बघू. आधी सांगा, प्रेक्षक किती लांब बसणार आहेत? पहिली रांगच चार-पाच मीटरवर असेल तर कॉलरवरची नक्षी, बटणांची जात, टाक्यांची सफाई यातलं कुणाला काही दिसणार नाही. दिसतो तो आकार. खांदे केवढे, डोक्यावर काय, अंगरखा जमिनीवर लोळतो की गुडघ्यावर थांबतो. त्यानंतर दिसतो रंग. घरच्या वेशभूषेत पैसे जातात ते नेमके न दिसणाऱ्या गोष्टींवर: लेस, टिकल्या, खड्यांच्या माळा. त्या जवळून छान दिसतात म्हणून आपण घेतो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला फक्त एक चमकता ठिपका दिसतो.

म्हणून खरेदीला जाण्याआधी एक काम करा. कच्च्या सामानानिशी, म्हणजे चादर, उशी, पुठ्ठ्याचा तुकडा जे असेल ते अंगावर लटकवून, पाचही जणांना उजेडाच्या खिडकीसमोर उभं करा आणि समोरून मोबाइलवर फोटो काढा. माणसं काळी दिसतील, तेच हवंय. नुसत्या काळ्या आकृतीवरून राजा कोण आणि सैनिक कोण हे कळलं तर तुमचं अर्धं काम झालं. नाही कळलं, तर कितीही महाग कापड आणलंत तरी फरक पडणार नाही.

आता भाड्याचं. माझं मत असं, की जे अंगाबरोबर बेतून शिवावं लागतं ते उसनं किंवा भाड्याने आणावं आणि जे ताठ असतं ते घरी करावं. शिवलेला कोट घरी हातशिलाईने करायला घेतलात तर तीन आठवडे त्यातच जातील. उलट भाड्याचं चिलखत, मुकुट, शिरस्त्राण बहुतेकदा कुणाच्याच मापाचं नसतं आणि हातांतून हातांत जाऊन पिचलेलं असतं. पादत्राणांच्या भानगडीत तर पडूच नका. घरचे काळे बूट घाला आणि त्यांवर घोट्यापासून पोटरीपर्यंत कापडाचं किंवा पातळ फोमचं आवरण मागून वेल्क्रोने बांधा. लांबून तो उंच बूटच वाटतो.

राजाला झगा लागेल, त्यासाठी जाड जुना पडदा शोधा. पडद्याच्या कडा आधीच दुमडून शिवलेल्या असतात, वर दांडी घालायची नळी असते. त्या नळीतून दोरी ओवून चुण्या ओढल्या की झग्याचा गळा तयार, एकही टाका न घालता. पातळ, चकचकीत साटिन शक्यतो टाळा, दिव्याखाली ते स्वस्त दिसतं. घरात तेच असेल तर उलट बाजू वर घ्या, ती मंद असते आणि जास्त भारदस्त वाटते. झगा मात्र गळ्याला बांधू नका. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोने अडकवा. कुणाचा पाय पडला तर झगा सुटून यायला हवा, राजाचा गळा आवळायला नको.

कापड रंगवायचा विचार असेल तर आधी ते सुती आहे ना ते पाहा. घरी साध्या पाण्यात वापरायचे रंग सुतावर चढतात, पॉलिएस्टरवर चढत नाहीत. पॉलिएस्टरला वेगळे रंग आणि जवळजवळ उकळतं पाणी लागतं. आणखी एक गंमत म्हणजे सुती शर्ट काळा केलात तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो पांढराच राहतो. चेटकिणीला ते शोभेल, राजाला नाही. चेटकिणीचं कापड जुनाट दिसायला कडक चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, मग कडांवर पॉलिश पेपर घासा. झालं. तिच्यावर जास्त वेळ घालवू नका. जुन्या टोपीवर लोकरीचे किंवा सुतळीचे पिंजलेले धागे शिवले की केस होतात.

आता सैनिक, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. एकदाच प्रयोग असेल आणि पैसे नसतील तर पुठ्ठा. चार-पाच प्रयोग असतील, झटापट असेल, घाम येणार असेल तर फोम. फोम म्हणजे ईव्हीए, लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चटयांचा. व्यायामाची चटई दिसायला तशीच असते, पण ती बऱ्याचदा पीव्हीसीची निघते. पीव्हीसी तापवू नका, फार तापलं तर त्यातून घातक वायू सुटतो. छातीला आणि पाठीला साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडी पुरते, खांद्यांना १० मिलिमीटर भारदस्त दिसते, वरच्या पट्ट्यांना आणि नक्षीला २ मिलिमीटर.

माप घ्यायला शिंपी नको. माणसाला जुना टी-शर्ट घालायला लावा, छातीभोवती स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म सैलसर गुंडाळा, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्या. श्वास भरून घ्यायला सांगा आणि मग टेप लावा, नाहीतर चिलखत घातल्यावर संवाद म्हणता येणार नाहीत. टेपवर पेनाने चिलखताच्या रेघा काढा, मधोमध उभी रेघ, बाजूंना शिवणी, आणि शिवणींवर आडव्या खुणा, म्हणजे नंतर कुठला तुकडा कुठे जोडायचा ते कळतं. बोथट टोकाच्या कात्रीने बाजूने कापून काढा. रेघांवर तुकडे केले की ते सपाट पसरतात आणि तोच तुमचा बेतलेला कागद. अर्धी बाजूच घ्या, दुसरी उलटवून मिळते. माणसाची दोन्ही अंगं कधीच सारखी नसतात, पण चिलखताची असावीत.

पुठ्ठ्याची एक खोड असते. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागद असतो आणि त्याच्या नाळी एकाच दिशेने जातात. नाळींना समांतर वाकवलं तर तो मुकाट्याने वाकतो, आडवं वाकवलं तर कडकन मोडतो आणि तो मोड रंगाखालूनही दिसतो. छातीचा तुकडा कापताना नाळी उभ्या ठेवा, म्हणजे तो अंगाभोवती गोल वळेल. टेबलाच्या कडेवरून दोन्ही हातांनी खाली ओढत नेला की नाळी एकेक करून बसतात आणि पुठ्ठा पत्र्यासारखा गोलाईत राहतो. खांद्यासारखी जास्त गोलाई हवी असेल तर आतला एक कागद थोडासा ओला करून सोलून काढा. तलवारीला नाळी लांबीत ठेवा, दोन तुकड्यांच्या मध्ये सपाट काठी घाला आणि टोक गोल ठेवा. उघड्या कडा सगळीकडे कागदी टेपने झाका. पुठ्ठ्याची वस्तू ओळखू येते ती कडेवरून, पृष्ठभागावरून नाही.

फोमला उष्णता लागते. हीट गन (खूप गरम हवा फेकणारं यंत्र) असेल तर उत्तम, पातळ फोमला केस वाळवायचं यंत्रही कधी चालून जातं. तुकडा हलवत तापवा, पृष्ठभागावर किंचित चमक आली की थांबा, गुडघ्यावर दाबून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. त्या चमकेचा अर्थ वरची छिद्रं मिटली असा, म्हणून सगळा फोम एकदा तापवून घ्यावाच, रंग कमी पितो. जोडायला कॉन्टॅक्ट अ‍ॅढेसिव्ह, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून सुकल्यावर दाबायचा गोंद: दोन्ही कडांना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. लोक घाई करतात, ओलं असताना दाबतात आणि मग गोंदाला शिव्या देतात. त्याचा वास डोक्यात जातो, काम उघड्या हवेत करा. तोंडाला बांधलेलं फडकं फार तर जाड भुकटी अडवतं, वाफ अडवत नाही. थर्मोकोलला हे अ‍ॅढेसिव्ह आणि स्प्रे पेंट दोन्ही चालत नाहीत, थर्मोकोल विरघळून जातो. थर्मोकोल वापरलाच तर आधी फेविकॉलने कागदाचे दोन थर चढवा आणि मग रंगवा.

साखळ्यांच्या बाह्या हव्या असतील तर जाड दोऱ्याचं सैल विणकाम करून त्यावर चंदेरी रंग मारा. रंगमंचावर ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही फसवते.

पैसे खर्च करायचेच असतील तर गोंदावर आणि रंगावर करा. बाकी सगळं फुकट मिळू शकतं, पण वाईट रंगाला पर्याय नाही. फोमवर पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक वाळू द्या. पुठ्ठ्यावर पातळ पाण्याचा रंग ओतलात तर तो वाकडा होईल, म्हणून दाट रंग घ्या आणि आतल्या बाजूलाही एक हात मारा. मग सगळं चिलखत सरळ काळं करा. हो, काळं. थेट चंदेरी मारलं की ते खोक्याला चंदेरी कागद लावल्यासारखं दिसतं, कारण खऱ्या धातूच्या खाचा काळ्या असतात आणि कडा घासून उजळलेल्या. काळं वाळल्यावर जाड केसांचा जुना ब्रश चंदेरीत किंचित बुडवा आणि फडक्यावर पुसा. इतका पुसा, की आता ब्रशवर रंगच नाही असं वाटावं. मग तो कोरडा ब्रश उंचवट्यांवरून आणि कडांवरून हलक्या हाताने फिरवत राहा. पहिल्या मिनिटात काही होत नाही. दुसऱ्यात कडा उजळू लागतात, खिळ्यांची डोकी वर येतात (खिळे म्हणजे फोमची गोल टिकली, किंवा ग्लू गनचा, म्हणजे गोंदाची कांडी वितळवणाऱ्या यंत्राचा, थेंब), आणि काळा खाली राहिल्यामुळे खोली दिसते. हात थांबवायचा मोह होत नाही, पण थांबवा. शेवटी पाण्यात कालवलेला तपकिरी-काळा रंग कोपऱ्यांत सोडून फडक्याने वरचा टिपून घ्या, गंज दाखवायचा असेल तर स्पंजाने विटकरी रंगाचे चार ठिपके पट्ट्यांच्या खाली द्या, जिथे पाणी साचलं असतं तिथे.

पक्ष्याचं अवघड वाटतं, पण ते सगळ्यांत सोपं आहे, फक्त वेळखाऊ. पंखांचा सांगाडा लवचिक काठ्यांचा, वजन हातांवर नाही तर पाठीवरच्या पट्ट्यांवर. पिसं कागदाची किंवा कापडाच्या पट्ट्यांची, प्रत्येकाचं फक्त टोक दिसतं, तेवढंच नीट कापा. लावताना खालच्या ओळीपासून सुरुवात करा, कौलं शाकारतात तशी, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीचा गोंद झाकते. रंग तीन घ्या, खाली गडद आणि वर उजळ. पंख पसरल्यावर विंगेतून बाहेर येता येतं का, हे कापण्याआधी मोजा.

चोच आणि मुखवटा कागदाच्या थरांचा करा. व्हेनिसचे पारंपरिक मुखवटे याच कागदी लगद्याच्या कामातून आलेत, तेव्हा साहित्य हलकं म्हणून हिणवू नका. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी घालून शिजवून खळ करा, बुरशी येऊ नये म्हणून त्यात दोन-तीन चमचे मीठ टाका. कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ होते आणि थरात मिसळून जाते, कापलेली कड रेघ सोडते. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्याचा, म्हणजे कुठे राहिलं ते दिसतं. असे चार थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. दमट हवेत एकेका थराला एक दिवस सहज लागतो. डोळ्यांची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी ठेवा आणि त्यांच्यामागे काळी जाळी लावा. खालचं दिसणंही तितकंच महत्त्वाचं आहे, पायऱ्या तिथेच असतात.

नाटकात दिवा किंवा मशाल असेल तर खरी ज्योत नको, एलईडी घ्या. पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, आणि कागदी पंखांबद्दल तर बोलायलाच नको.

रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, चार-पाच दिवस आधी ठेवा. तिच्यात प्रत्येकाला पूर्ण वेशात बसायला, वाकायला, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. राजाने झग्यासकट जिना उतरून दाखवावा. तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत बसा, तिथून जे दिसत नाही त्याची दुरुस्ती यादीतून काढून टाका. प्रयोगाला विंगेत सेफ्टी पिना, रुंद टेप, वेल्क्रोचे जादा तुकडे, सुई-दोरा आणि चंदेरी रंगाची लहान बाटली ठेवा. ग्लू गन तापायला वेळ लागतो आणि तिचा थेंब भाजतो, ती विंगेत नको.

तीन आठवड्यांत वेळ वाळण्यात जातो, करण्यात नाही. म्हणून सुरुवात चोचीपासून करा, तिचा पहिला थर आजच लागू दे. दोन थरांच्या मधल्या वेळात टेपचं माप घेऊन होईल, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळं चिलखत काळं झालेलं असलं, की राहिलेले दिवस रंगकामाला मिळतात.