पप्पांना गेटवर पाकीट मिळालं, मी एचआरमध्ये जाऊ का?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे, एचआर म्हणजे मनुष्यबळ विषय घेतलाय. पप्पा वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत 24 वर्षांपासून प्रेस शॉपला ऑपरेटर आहेत. सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेले तर कार्ड पंच होईना. सिक्युरिटीवाल्यानं बाजूला घेऊन पाकीट दिलं. आत ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा छापील कागद आणि सगळं धरून साडेतीन लाखांचा आकडा. शनिवारपर्यंत सही करा म्हणाले. सुपरवायझरला भेटूसुद्धा दिलं नाही. पप्पा धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. त्यांचा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) महिन्याला 20 हजार आहे. ज्या खात्यानं हे केलं, त्याच खात्यात मी नोकरी करू का?

उत्तर : तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण शनिवार जवळ आलाय म्हणून आधी पप्पांच्या सहीचं. त्या कागदावर त्यांना सही करू देऊ नकोस. निदान हिशेब फोडून लेखी मिळेपर्यंत तरी नाहीच.

कारण असं. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळतेच, राजीनामा दिला तरी मिळते. शेवटच्या बेसिक-डीएला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. पप्पांची ती सुमारे 2 लाख 77 हजार होते. म्हणजे साडेतीन लाखांतून हे वजा केलं, तर कंपनी स्वतःहून देतेय ते जेमतेम 73 हजार. आता कंपनीनं त्यांना कपात म्हणून कमी केलं असतं तर? एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 24 वर्षांचा तो बरोबर वर्षभराचा पगार होतो. 20 हजारच धरले तरी 2 लाख 40 हजार, ग्रॅच्युइटी वेगळी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा हिशेब होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली सही झाली की हा हक्क गेला. ती सही घ्यायची एवढी घाई का, हे तुला आता समजलं असेल.

कंपनीला आणखी विचारायचं आहे. पप्पांच्या खात्यातल्या कामगारांची सेवाज्येष्ठता यादी कुठे आहे? कपातीत साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. तसं करायचं नसेल तर कंपनीला कारणं नोंदवावी लागतात. कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची परवानगी आधी लागते. पप्पांना ‘सीनियर असोसिएट’ असलं काही पद दिलं असेल तर घाबरू नका, कायद्यानं कामगार कोण हे ठरवताना प्रत्यक्ष काम काय करत होते ते बघितलं जातं. ‘मी राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे, गेटवर अडवलं’ असं चार ओळींचं पत्र कंपनीला स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं उद्याच पाठवा. त्याची प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात द्या, पोच घ्या. युनियन असेल तर तिला सोबत घ्या, नसेल तर कामगार कायद्याचा वकील गाठा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, जुनं ओळखपत्र एका फाइलला लावून ठेव. पीएफच्या पेन्शनचा हिस्सा मात्र काढता येणार नाही. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली आहे, पेन्शनचा हक्क तयार आहे.

आता तुझं.

मंदी येते, ऑर्डर कमी होतात, माणसं कमी करावी लागतात हे मी नाकारत नाही. पण पप्पांना साहेबानं समोर बसवून सांगितलं असतं तर कंपनीचा एक रुपया जास्त लागला नसता. ज्या माणसाच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं डाय (प्रेसचे साचे) बसवल्या, त्यानं दार लावून सांगायला हवं होतं : हे कारण, हा हिशेब, ही तारीख, घरी दाखव, प्रश्न घेऊन ये. लॉकरमधलं सामान घ्यायला, सोबतच्यांना भेटायला वेळ द्यायचा. अनुभवाचा दाखला हातात ठेवायचा. असं होत नाही, कारण वरचे लोक गोंधळाला घाबरतात आणि कुणी काही बोलू नका अशी ताकीद खालपर्यंत जाते. गेटवरच्या त्या सिक्युरिटीवाल्यालाही बहुधा सकाळीच यादी मिळाली असेल, त्याच्यावर राग धरू नका. आत राहिलेले कामगार हे सगळं बघतात. त्या दिवसापासून मशीनवर उभा असलेला प्रत्येक जण आपला नंबर कधी म्हणून फोनकडे बघत असतो. हे नुकसान कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, तू या क्षेत्रात जा. प्रेस शॉपच्या कामगाराची मुलगी टेबलाच्या त्या बाजूला बसायला हवी. पण भरती आणि रांगोळी स्पर्धा एवढ्यावर थांबणारी एचआर होऊ नकोस. इंटर्नशिपला इंडस्ट्रियल रिलेशन्सचं, म्हणजे कामगार-व्यवस्थापन संबंधांचं काम माग. हजेरी, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी, अंतिम हिशेब हे सगळं कागदावर हातानं करायला शीक. कामावरून कमी केल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, हे आता वेतन संहितेत आहे. कंपनीत ते पाळतात का ते बघ. एमएसडब्ल्यूनंतर कामगार कायद्याची पदविका किंवा एलएलबी केलीस तर व्यवस्थापनासमोर तुझ्या शब्दाला वजन येईल.

मोठ्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. कारखाने अधिनियमात त्यासाठी 500 कामगारांची अट होती, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या नव्या संहितेत ती 250 वर आली आहे. एमएसडब्ल्यूवाल्यांसाठी हे हक्काचं पद आहे. कंपनीत मन रमलं नाही तर सरकारी कामगार अधिकारी पदाच्या परीक्षेची तयारी कर.

पप्पांसाठी एक सुचवते. डाय सेटिंग येणारा माणूस वाळूज, शेंद्र्यात लागतोच. आपल्याकडच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये छोटे कोर्स असतात, चौकशी करून ठेव. पण लगेच मागे लागू नकोस. आधी ते पत्र त्यांच्याशेजारी बसून लिही, मजकूर त्यांना सांगू दे.