विमा कंपनीला पेनल्टी पॉइंट्स कळवायचे राहून गेले, आता क्लेम अडला आहे

प्रश्न : आम्ही पाच वर्षांपासून इंग्लंडमध्ये, स्लाऊ येथे राहतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ३७ मैल वेगाने जाताना मी कॅमेऱ्यात सापडले. दोन वर्षांपूर्वी एकदा स्पीड अवेअरनेस कोर्स (दंड आणि पॉइंट्सऐवजी दिला जाणारा वर्ग) केलेला असल्यामुळे या वेळी कोर्स मिळाला नाही. १०० पौंड दंड भरला आणि लायसन्सवर ३ पॉइंट्स आले. जूनमध्ये कारच्या विम्याचे रिन्यूअल आपोआप झाले. ब्रोकरचा ईमेल आला होता, पण मी तो वाचला नाही. डिसेंबरमध्ये राउंडअबाउटवर माझी गाडी पुढच्या गाडीवर आदळली. माझ्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज ६,४०० पौंड आहे आणि पुढच्या गाडीतील बाईंनी मानेच्या दुखापतीचा दावा केला आहे. विमा कंपनीने लायसन्सवरच्या नोंदी पाहण्यासाठी लागणारा चेक कोड मागवला आणि आता पत्र पाठवले आहे की, पॉइंट्सची माहिती न दिल्यामुळे पॉलिसी मुळापासून रद्द का करू नये याचा खुलासा करा. पॉइंट्स सांगितले की हप्ता वाढतो असे एक मैत्रीण मला म्हणाली होती. आता तीच म्हणते की, ईमेल मिळालाच नाही असे कळवून मोकळी हो. मी यजमानांच्या गाडीच्या पॉलिसीवरही नेम्ड ड्रायव्हर (नाव नोंदवलेली दुसरी चालक) आहे. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, ईमेल मिळाला नाही असे कृपया कळवू नका. तो मिळाला होता हे तुम्ही मला लिहिलेच आहे, आणि तो कधी गेला, कोणत्या पत्त्यावर गेला, याची नोंद ब्रोकरकडे असणार. आज तुमच्या हातून झाली आहे ती चूक आहे. तिच्या समर्थनार्थ खोटे विधान लेखी दिले, तर फसवणुकीचा हेतू सिद्ध करायला कंपनीला लागणारा पुरावा तुम्हीच तिच्या हाती द्याल.

ही चूक कशी झाली हे मला समजते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत ती अशीच होते. पुण्या-मुंबईत पोलिसाने पावती फाडली, दंड भरला की विषय संपला, अशी आपली सवय. आणि विम्याचा फॉर्म एजंटाने भरायचा, आपण सही करायची, हीसुद्धा. इथे दंड भरल्यावरही लायसन्सवरची नोंद मागे उरते. तुमच्या गुन्ह्याचा कोड बहुधा एसपी-३० असेल. ती नोंद गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षे लायसन्सवर राहते आणि ज्या १२ पॉइंट्सवर गाडी चालवण्यास बंदी येऊ शकते, त्यांच्या बेरजेसाठी ३ वर्षे धरली जाते. विमा कंपन्या मात्र सहसा मागील ५ वर्षांचे विचारतात, कारण कायद्याच्या दृष्टीने अशी नोंद ५ वर्षांनी जुनी झाली असे मानले जाते. त्यामुळे लायसन्सवरून कोड पुसला गेल्यानंतरही वर्षभर या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच द्यावे लागते, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

आता मूळ मुद्दा. वैयक्तिक ग्राहकाने घेतलेल्या विम्याला संपूर्ण युनायटेड किंग्डममध्ये २०१२ चा 'कन्झ्युमर इन्शुरन्स डिस्क्लोजर अँड रिप्रेझेंटेशन्स' कायदा लागू आहे. तो ६ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९०६ च्या सागरी विमा कायद्यातील कडक नियम चालत असे : कंपनीने विचारो वा न विचारो, महत्त्वाची प्रत्येक गोष्ट ग्राहकाने आपणहून सांगायची. तो बोजा आता ग्राहकावर नाही. आता ग्राहकाचे कर्तव्य एवढेच की, विचारलेल्या गोष्टींबाबत चुकीचे निवेदन होऊ नये याची त्याने वाजवी काळजी घ्यावी. म्हणून तुमच्या प्रकरणात पाहायची पहिली गोष्ट म्हणजे जूनमध्ये तुम्हाला नेमके काय विचारले गेले होते.

तुमच्या मनात कदाचित असे येईल की, मी काही निवेदन केलेच नाही, तर ते चुकीचे कसे ठरेल? याचे उत्तर कायद्यातच आहे. पूर्वी दिलेली माहिती कायम आहे की बदलली, हे कळवा असे कंपनीने सांगितले आणि ग्राहक गप्प राहिला, तर ते मौनही चुकीचे निवेदन ठरू शकते. मात्र त्याच कायद्यात ग्राहकाच्या बाजूचे एक कलम आहे. रिन्यूअलच्या वेळी उत्तर दिले नाही म्हणून ग्राहकाला दोष देताना, उत्तर देणे किती महत्त्वाचे आहे आणि न दिल्यास काय होईल हे कंपनीने किती स्पष्टपणे सांगितले होते, तेही पाहावे लागते. म्हणून तो न वाचलेला ईमेल आज उघडा आणि त्याची सर्व जोडपत्रे डाउनलोड करून ठेवा. त्यात बहुधा 'स्टेटमेंट ऑफ फॅक्ट' नावाचे पान असेल. 'मागील ५ वर्षांत दोषसिद्धी किंवा पेनल्टी पॉइंट्स : नाही' अशी ओळ तुमच्या नावासमोर छापून, ती चुकीची असल्यास लगेच कळवा असे ठळकपणे लिहिले असेल, तर तुमची बाजू कमकुवत आहे. उलट 'परिस्थितीत काही बदल असल्यास संपर्क साधा' एवढेच गुळमुळीत वाक्य शेवटच्या पानाच्या तळाशी असेल, तर तो स्पष्ट प्रश्न नव्हे असे म्हणायला चांगली जागा आहे.

प्रश्न स्पष्ट होता असे धरले, तरी कंपनीला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते : हे ३ पॉइंट्स माहीत असते, तर तिने करार केलाच नसता, किंवा वेगळ्या अटींवर अथवा जास्त हप्त्यावर केला असता. नुसते 'माहिती चुकीची होती' एवढे पुरत नाही. 'चुकीची माहिती आढळल्यास पॉलिसी शून्य समजली जाईल' असे पॉलिसीच्या पुस्तिकेत छापलेले असले, तरी कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण अशा कलमाने काढून घेता येत नाही.

यानंतर येतो तो प्रश्न ज्यावर तुमचे सारे प्रकरण उभे आहे, आणि त्याचे उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक आहे : मैत्रीण ते वाक्य केव्हा म्हणाली? जूनपूर्वी की नंतर?

कायदा चुकीच्या निवेदनाचे दोन वर्ग करतो. पहिला हेतुपुरस्सर किंवा बेपर्वाईने केलेले; म्हणजे माहिती असत्य आहे आणि ती कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, हे ग्राहकाला ठाऊक होते किंवा त्याला त्याची फिकीर नव्हती. दुसरा वर्ग निष्काळजीपणाचा, ज्यात बाकी सर्व येते. पहिला वर्ग सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. मात्र उलट दाखवले जाईपर्यंत असे गृहीत धरतात की, ज्या बाबीविषयी कंपनीने स्पष्ट आणि नेमका प्रश्न विचारला, ती महत्त्वाची आहे हे ग्राहकाला कळत होते. पॉइंट्स आले हे तुम्हाला माहीत नव्हते असे तर म्हणताच येणार नाही, कारण दंडाच्या नोटिशीवरच ते लिहिलेले असते. तेव्हा जूनपूर्वीच हप्ता वाढेल हे ऐकून तुम्ही मुद्दाम तो ईमेल उघडला नसेल, तर खरे सांगायचे तर हे प्रकरण निष्काळजीपणाच्या रेषेपलीकडे जाते. रिन्यूअलच्या ईमेलला आपण जाहिरातीसारखे बाजूला सारतो तसे तुम्ही केले असेल आणि मैत्रिणीचे बोलणे नंतरचे असेल, तर तो सर्वसाधारण निष्काळजीपणा आहे आणि तसे ठामपणे मांडता येईल. हे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर झाले असेल, तर तो संदेश कोणत्याही परिस्थितीत पुसू नका. त्याची तारीख तुमच्या बाजूचीही असू शकते. जूनपूर्वीचे असेल, तर कंपनीला एक ओळही लिहिण्याआधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

या दोन वर्गांतील फरक पैशांत मोठा आहे. पहिल्या वर्गात कंपनी जूनपासूनचा करार मुळातून रद्द करू शकते, सर्व क्लेम नाकारू शकते आणि हप्ता ठेवून घेणे ग्राहकावर अन्यायकारक ठरत नसेल, तर तोही परत न देता ठेवून घेऊ शकते. निष्काळजीपणाच्या बाबतीत, खरी माहिती असती तर कंपनीने काय केले असते, यावर सगळे ठरते. करार केलाच नसता असे असेल, तर क्लेम नाकारता येतो, पण हप्ता परत द्यावा लागतो. केवळ जास्त हप्ता घेतला असता असे असेल, तर क्लेम त्या प्रमाणात कमी होतो. समजा, तुम्ही ६२० पौंड हप्ता भरला आणि पॉइंट्स धरून तो ७७५ पौंड झाला असता. ६२० हे ७७५ च्या ८० टक्के होतात. म्हणजे ६,४०० पौंडांच्या क्लेमपैकी ५,१२० पौंड मिळायला हवेत, आणि त्यातून पॉलिसीतील एक्सेसचा (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायच्या रकमेचा) हिशेब वेगळा. माझ्या अनुभवात एकट्या एसपी-३० वरून साधा कार विमा साफ नाकारणाऱ्या कंपन्या थोड्या. तेव्हा 'आम्ही विमा दिलाच नसता' असे कंपनी म्हणाली, तर त्या तारखेच्या अंडररायटिंग निकषांचा (विमा कोणाला आणि किती हप्त्यावर द्यायचा याच्या नियमांचा) पुरावा लेखी मागा.

पुढच्या गाडीतील बाईंच्या दाव्याची काळजी तुम्ही एका ओळीत उरकली आहे. माझ्या मते खरी जोखीम तिथे आहे. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टप्रमाणे तिऱ्हाइताच्या बाजूने झालेल्या निवाड्याचे पैसे विमा कंपनीला द्यावे लागतात, आणि १ नोव्हेंबर २०१९ पासून कायद्यात झालेल्या बदलामुळे अपघातानंतर पॉलिसी रद्द ठरवून तिला या जबाबदारीतून सुटता येत नाही. त्यामुळे त्या बाईंना भरपाई मिळेल. पण पॉलिसीप्रमाणे द्यावी लागली नसती एवढी रक्कम कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. पॉलिसी मुळातून रद्द झाली, तर ती सगळी रक्कम तुमच्या माथी येऊ शकते. प्रमाणात कपात झाली, तर तत्त्वतः तेवढाच भाग. म्हणून गाडीच्या दुरुस्तीचे पैसे सोडून देते, विषय मिटवा, असे फोनवर म्हणून बसू नका.

डिसेंबरमध्ये विनाविमा गाडी चालवल्याचा गुन्हा लागेल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेल. त्या दिवशी पॉलिसी अस्तित्वात होती; ती रद्द करता येण्याजोगी होती, एवढेच. त्यामुळे त्या प्रवासाबद्दल घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र कंपनीने पॉलिसी रद्द केल्याचे कळवले, की त्या क्षणापासून दुसरा विमा घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. विनाविमा गाडीला ठरावीक दंडच ३०० पौंड आणि ६ पॉइंट्स आहे, आणि तुमचे ३ धरून ते ९ होतील.

खुलासा थोडक्यात आणि खरा द्या. गुन्ह्याची आणि दंडाची तारीख, ईमेल आला होता पण वाचला नाही ही वस्तुस्थिती, आणि ती तशीच असेल तर माहिती लपवण्याचा हेतू नव्हता हे वाक्य, एवढे पुरे. सोबत तीन गोष्टी मागा : रिन्यूअलच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांची हुबेहूब प्रत, पॉइंट्स धरून झालेला हप्ता आणि त्याचा आधार, आणि चुकीचे निवेदन कोणत्या वर्गात धरले आहे त्याची कारणे. ब्रोकरकडे तुमच्याविषयी असलेल्या सर्व नोंदी आणि फोनचे रेकॉर्डिंग माहिती-संरक्षण कायद्याखाली मागता येते. ते साधारणपणे एका महिन्यात मिळायला हवे. फेब्रुवारी ते जून या काळात तुम्ही ब्रोकरशी पॉइंट्सविषयी कधी बोलला असाल, तर सगळे चित्रच बदलेल.

कंपनी अडून बसली, तर रीतसर तक्रार करा. तिला अंतिम उत्तर देण्यासाठी ८ आठवडे असतात, आणि ते उत्तर आल्यापासून ६ महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस या ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे विनाशुल्क जाता येते. तिथला अंतिम निर्णय तुम्ही स्वीकारला, तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. पॉलिसी मुळातून रद्द झाल्याची नोंद विमा कंपन्यांच्या सामायिक माहितीसाठ्यात राहिली, तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का' याला 'हो' म्हणावे लागते आणि त्याचा भुर्दंड ३ पॉइंट्सपेक्षा जड असतो. म्हणून तडजोड करताना ती नोंद काढून टाकण्याची अट लेखी घाला.

यजमानांच्या पॉलिसीवर तुम्ही नेम्ड ड्रायव्हर आहात, तर तुमच्या पॉइंट्सचा प्रश्न तिथेही विचारला गेला असणार. ती शेवटची कधी रिन्यू झाली ते पाहा. फेब्रुवारीनंतर झाली असेल आणि पॉइंट्स सांगितले नसतील, तर आज संध्याकाळपर्यंत कंपनीला ईमेलने कळवा, वाढीव हप्ता भरा आणि सुधारित कागद हाती येईपर्यंत तुम्ही ती गाडी चालवू नका. फेब्रुवारीपूर्वी झाली असेल, तर वर्षाच्या मध्ये आलेले पॉइंट्स कळवण्याची अट पॉलिसीच्या पुस्तिकेत आहे का, ते यजमानांना तपासायला सांगा.