मर्सेन मूळ संख्या: सुरुवात कुठून करायची?

२ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या म्हणजे मर्सेन मूळ संख्या. थेट ४ कोटी अंकांच्या संख्येला हात घालू नका. २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ कुठे पळून जात नाही! आधी २^५ − १ = ३१ घ्या आणि अशी संख्या मूळ आहे का हे तपासणारी लुकास-लेहमर चाचणी कागदावर करा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी घ्या. हे घातांकापेक्षा दोन कमी वेळा, म्हणजे इथे तीनदा. ४, १४, ८, ०. शेवटी शून्य, म्हणजे मूळ.

नवखे हमखास इथे फसतात:
- घातांक मूळ की संख्याही मूळ, असं धरून चालतात. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.
- बाकी न घेता नुसते वर्ग करत सुटतात.

२३ आणि ८९ मधून १ वजा करून २२ ने भागून बघा. कारण नंतर सांगतो. आधी हीच चाचणी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, करून दाखवा.